जुना स्कूबा सेट घेतलाय, पाण्यात उतरण्याआधी काय काय तपासायचं?

शिरपूरच्या मित्राचा प्रश्न थोडक्यात असा: तापीकाठच्या चार-पाच पट्टीच्या पोहणाऱ्यांनी तारकर्लीला जाऊन ओपन वॉटर कोर्स, म्हणजे स्कूबाचं पहिल्या पायरीचं शिक्षण, केला, गोव्याहून दोन जुने सेट आणले, आता सुलवाडे बॅरेजच्या साठलेल्या पाण्यात सराव करायचाय आणि पुढे कुणी बुडालं तर मदतीला धावायचंय. सेट कसा तपासायचा? आणि सरावाला तोरणमाळचा तलाव चालेल का?

भाऊ, तपासणी दोन ठिकाणी वाटून घ्या. जे घरी ओट्यावर बसून शांतपणे बघता येतं, ते काठावर नेऊच नका. काठावर दहा मिनिटांत पन्नास माणसं जमतात. त्यात कुणी बुडालेलं असेल तर घरच्यांचा आक्रोश चालू असतो आणि मागून कुणीतरी ओरडतं, "काय वाट देखी ऱ्हायनात भो, उतरा ना!" अशा वेळी भलाभला माणूस व्हॉल्व्ह उघडायला विसरतो. सेट जुना असल्यामुळे बिघडतो हे खरं, पण त्याहून जास्त गोष्टी घाईत राहून जातात.

आधी टाकी. तिच्या खांद्यावर ठोकलेले शिक्के वाचा. शेवटच्या हायड्रो टेस्टला, म्हणजे पाण्याच्या दाबानं केलेल्या टाकीच्या चाचणीला, ५ वर्षं उलटली असतील तर ती भरायचीच नाही, विकणारा काहीही म्हणो. अ‍ॅल्युमिनियमची टाकी १९९० च्या आधीची निघाली तर आणखी सावध व्हा. त्या काळातल्या बऱ्याच टाक्या ६३५१ नावाच्या मिश्रधातूच्या होत्या आणि त्यांच्या मानेत, आट्यांपाशी, बारीक चिरा पडल्याची उदाहरणं आहेत. अशी टाकी अंगणात शोभेला ठेवा. टाकी पूर्ण रिकामी, व्हॉल्व्ह उघडा, अशी मिळाली असेल तर आत दमट हवा गेली आहे असं धरून चाला आणि व्हॉल्व्ह काढून आतून बघून घ्या. हे काम जाणकाराचं, पान्हा घेऊन घरी बसू नका.

आता हवेचं. टाकीत साधी, गाळलेली, कोरडी हवा असते. कुणी म्हणेल, "ओळखीच्या दवाखान्यातून ऑक्सिजन भरून आणतो." त्याला तिथंच थांबवा. शुद्ध ऑक्सिजन ६ मीटरखाली गेल्यावर कधीही झटके आणू शकतो, आणि पाण्याखाली झटका आला की माउथपीस तोंडातून सुटतो, म्हणजे माणूस गेलाच. शिवाय हवेच्या सेटमध्ये कुठं तेलाचा अंश असेल तर दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तो पेट घेतो. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर भरायची कल्पनाही ऐकलीय. तो दहा बार दाबाच्या आसपास दमतो, आपल्याला २०० बार लागतात, त्यामुळे ती बिचारी आपोआप बारगळते. श्वसनाच्या हवेचा कॉम्प्रेसर कुणाकडे आहे ते अग्निशमन दलात विचारा, धुरात जाताना त्यांनाही तशीच हवा लागते. भरताना कॉम्प्रेसर हवा कुठून ओढतो तेही बघा. शेजारी डिझेल इंजिन धडधडत असेल तर टाकीत कार्बन मोनॉक्साइड जाणार, आणि त्याला ना वास ना चव. तेलकट किंवा धुरकट वास आला तर टाकी सरळ रिकामी करा, पण वास नाही म्हणून हवा शुद्ध, असं मात्र धरू नका.

आपल्याकडचं ऊनही हिशोबात घ्या. मे महिन्यात गाडीच्या डिकीत तापलेल्या टाकीवर दाब दाखवणारं गेज २०० दाखवेल आणि गार पाण्यात गेल्यावर दहा-बारा बार एकही श्वास न घेता कमी होतील. म्हणून आकडा टाकी निवल्यावरचा धरा. ओ-रिंगही, म्हणजे जोडावर हवा अडवणारं रबरी कडं, याच उन्हानं कडक होते. नखानं हलकेच वाकवून बघा, भेगा दिसल्या तर बदला. तिला खोबरेल-बिबरेल लावू नका.

रेग्युलेटर, म्हणजे टाकीतल्या हवेचा दाब उतरवून ती तोंडापर्यंत आणणारा भाग, टाकीला जोडण्याआधी एक सोपी परीक्षा आहे. त्याचा टाकीवर बसतो तो फर्स्ट स्टेज आणि तोंडात धरतो तो सेकंड स्टेज. फर्स्ट स्टेजची धूळटोपी घट्ट लावा आणि सेकंड स्टेजमधून तोंडानं हवा ओढा. काहीच आलं नाही पाहिजे, जीभ चिकटल्यासारखी व्हायला हवी. थोडी जरी हवा आली तर डायफ्रॅम, म्हणजे आतला रबरी पडदा, फाटलाय, उच्छ्वासाचा व्हॉल्व्ह नीट बसत नाही किंवा माउथपीसला भोक आहे. माउथपीसचं भोक बहुतेक वेळा केबल टायच्या खाली लपलेलं असतं, म्हणून तिथलं रबर ताणून बघा. होजवरची, म्हणजे हवेच्या नळीवरची, रबरी बाहीसुद्धा मागं सरकवा. होज चिरतं ते नेमकं तिच्याखाली.

मग टाकीला जोडा. गेजची काच कुणाच्याही चेहऱ्याकडे नको. व्हॉल्व्ह हळू उघडा, पण पूर्ण उघडा. आता गेजच्या काट्यावर नजर ठेवून चार-पाच मोठे श्वास घ्या. काटा जागचा हलता कामा नये. प्रत्येक श्वासाला तो खाली झुकून परत वर येत असेल तर व्हॉल्व्ह अर्धवट उघडलाय किंवा वाट कुठंतरी तुंबलीय. हे फार फसवं आहे. काठावर अशा सेटमधून श्वास मजेत येतो, कारण हवा थोडीच लागते. १० मीटरवर दाब दुप्पट, म्हणजे तेवढ्याच श्वासाला दुप्पट हवा लागते, आणि तिथं ती पुरत नाही. दुसऱ्या सेकंड स्टेजमधूनही, म्हणजे ऑक्टोपसमधून, असाच श्वास घ्या. लोक तो नुसता बटण दाबून फुसकारतात आणि सोडून देतात. बटण दाबल्यावर हवा येते, पण सोबत पाणी येतं की नाही ते तोंडात धरल्याशिवाय कळत नाही.

त्यानंतर व्हॉल्व्ह बंद करून पाच मिनिटं चहा घ्या. काटा उतरला तर गळती आहे. व्हॉल्व्ह उघडा ठेवल्यावर थोड्या वेळानं सेकंड स्टेज आपोआप सूं करायला लागली, तर फर्स्ट स्टेजची सीट झिजलीय. तो सेट सर्व्हिसिंगलाच जाणार.

जॅकेट, म्हणजे टाकी पाठीला बांधणारं आणि हवेनं फुगवून तरंगणं सांभाळणारं, गच्च फुगवा आणि रात्रभर ठेवा, सकाळी ढिलं पडलं तर का ते शोधा. फुगवायचं बटण दाबून सोडल्यावर लगेच वर आलं पाहिजे. आत रेती किंवा मीठ धरलं की ते अडकतं, जॅकेट फुगत राहतं आणि माणूस बाणासारखा वर येतो. टाकीचा पट्टा आवळण्याआधी भिजवून घ्या, नायलॉन ओला झाला की सैल पडतो आणि कोरडा घट्ट बांधलेला पट्टा पाण्यात टाकी सोडून देतो. मग जॅकेट धरून उचला आणि झटका द्या.

मास्क-फिन्सबद्दल फार सांगत नाही, पट्टा चिरलेला नको एवढंच.

काठावर काम उरतं ते जोडीदाराचं. क्रम एकच ठेवा: जॅकेट, खाली जाण्यासाठी बांधायचं वजन, बकल, हवा, शेवटी डोक्यापासून पायापर्यंत एक नजर. एकमेकांचं तपासा, आणि नुसतं बघून नाही, हात लावून. पावसाळ्यात तापीच्या गढूळ पाण्यात स्वतःचा हातही दिसत नाही, त्यामुळे समोरच्याचं बकल डोळे मिटून उघडता आलं पाहिजे. वजन समुद्रातलं धरू नका. गोड्या पाण्यात ते एक-दोन किलो कमी लागतं. मासेमारीच्या जाळ्यांसाठी कटर दोन्ही हातांना पोचेल असा बांधा. आणि वर हतनूर धरणाचे दरवाजे उघडणार आहेत का, हे विचारल्याशिवाय खाली कुणीही पाय ओला करायचा नाही. तिथं ४१ दरवाजे आहेत. त्यातले मोजके उघडले तरी खालच्या बॅरेजचं पाणी बदलतं. जलसंपदा विभागाची परवानगीही घ्या.

मदतकार्याबद्दल स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ओपन वॉटर कोर्स स्वच्छ पाण्यात, १८ मीटरपर्यंत, जोडीनं फिरण्यासाठी आहे. गढूळ पाण्यात दोरीवर शोध घेणं हे निराळं शिक्षण आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी धुळ्यातच आहे. त्यांना बोलवा, त्यांच्याकडून शिका, तोवर काठावर दोरी आणि गर्दी सांभाळा.

तोरणमाळ सध्या नको. यशवंत तलाव समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून वर आहे आणि ३०० मीटरच्या वर डाइव्हचे नेहमीचे तक्ते, म्हणजे किती खोलीवर किती वेळ थांबायचं ते सांगणारे, जसेच्या तसे चालत नाहीत. वर हवेचा दाब कमी, म्हणून तीच खोली शरीराला जास्त पडते. मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर उंची ओळखणारा असेल आणि सोबत असा अनुभव असलेला प्रशिक्षक असेल, तरच तिकडे जा. आधी टाक्यांवरचे शिक्के कागदावर उतरवून घ्या आणि दोन्ही रेग्युलेटर सर्व्हिसिंगला पाठवा. ते परत येईपर्यंत पोहण्याच्या तलावात उथळ पाण्यात भाड्याच्या सेटवर बकलं उघडायचा सराव करता येईल.