घरगुती मसाला विकायला सुरुवात केलीय, सरकारी खात्यांचा त्रास खरंच किती होतो? अनुभव सांगा

ताई, तुम्ही लिहिलंय की सासूबाईंच्या हातचा कांदा लसूण मसाला पाकिटात भरून विकायला काढलाय आणि शेजारपाजारचे घाबरवतायत, फूडवाले येतील, वजनमापेवाले येतील, सगळ्यांना हात ओले करायला लागतील वगैरे. थोडं खरं आहे, बरंचसं नाही. मी २०१८ पासून हेच करतेय, सातारा जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी, नाव नाही सांगत. आत्तापर्यंत माझे जेवढे पैसे बुडाले त्यातले बहुतेक साहेब लोकांमुळे नाही बुडाले, एक एजंट आणि माझं स्वतःचं लेबल, या दोघांनी बुडवले.

आधी एजंटचं सांगते कारण तुम्ही पण तीच चूक करणार, सगळेच करतात. २०१९ ला एका प्रदर्शनात स्टॉल लावायचा होता, प्रदर्शनवाले म्हणाले फूडचा नंबर, म्हणजे अन्न सुरक्षावाल्यांकडची नोंदणी, लागेल. तेव्हा १२ लाखांच्या आत उलाढाल असली की लायसन्स लागत नव्हतं, नुसतं रजिस्ट्रेशन, आणि त्याची फी वर्षाला १०० रुपये. शंभर! मला कुठं माहीत होतं. तहसीलसमोर एक झेरॉक्सवाला ही सगळी कामं करायचा, त्याने साडेचार हजार घेतले, म्हणाला पाच वर्षांचं काढलंय, एक कलर प्रिंट हातात दिली, मी ती लॅमिनेट करून देवाऱ्याशेजारी लावली. कागदावर तारीख लिहिलेली असते ती वाचायची अक्कल मला नव्हती. प्रत्यक्षात त्याने दोनच वर्षांचं काढलं होतं. आणि त्यात कहर म्हणजे मोबाईल नंबर आणि ईमेल त्याने स्वतःचा टाकलेला, त्यामुळे मुदत संपतेय असे जे काही मेसेज आले असतील ते सगळे त्याला. मध्येच फूडच्या नोंदणीची जुनी वेबसाईट बंद होऊन फॉसकॉस हे नवीन पोर्टल आलं. मला कळलं तेव्हा मुदत संपून नऊ महिने झाले होते, रिन्यू होण्याची वेळ निघून गेलेली, नवीन अर्ज करायला लागला आणि नवीन अर्ज म्हणजे नवीन १४ आकडी नंबर. इकडे घरात जुन्या नंबरचे छापील पाऊच चार हजार पडून. ते आजपण माळ्यावर आहेत, सासूबाई त्यात कडीपत्ता वाळवून ठेवतात.

त्यामुळे एक करा, अर्ज कुणाकडूनही भरून घ्या पण लॉगिन तुमचं, मोबाईल तुमचा, ओटीपी तुमच्या हातात. किती उलाढालीपर्यंत रजिस्ट्रेशन चालतं ती आजची मर्यादा अर्ज भरतानाच पोर्टलवर बघा, माझे आकडे जुने आहेत. आणि पहिली दोन वर्षं छापील पाऊच अजिबात करू नका. पाऊचवाला गळ घालतो, ताई छपाईच्या सिलेंडरचा खर्च एकदाच, नंतर स्वस्त पडतं, पण लेबलमधली एक ओळ बदलली की सगळा माल भंगारात. साधा प्लेन पाऊच घ्या, वर स्टिकर लावा. दिसायला जरा गरीब दिसतं, चालतं.

आता वजनमाप. हे खातं लोक विसरूनच जातात, सगळ्यांच्या डोक्यात फक्त फूडवाले. माझ्याकडे ते घरी आलेच नाहीत, कराडच्या एका किराणा दुकानात गेले आणि तिथल्या रॅकवरून माझं पाव किलोचं पाकीट उचललं. चूक काय, तर वजनाच्या पुढं मी इंग्रजीत जीएमएस असं छापलेलं. नुसतं जी हे एकच अक्षर पाहिजे, जीएम नाही, जीएमएस नाही, किलोला केजी, केजीएस नाही. मला आधी वाटलं हा माणूस थट्टा करतोय, मसाला २५० ग्रॅमच्या वर दोन ग्रॅम जास्तच भरत होता हो. पण २०११ चे पॅकबंद वस्तूंचे नियम आहेत त्यात चिन्हं ठरवून दिलेली आहेत आणि तेव्हा पहिल्या वेळेला २५ हजारांपर्यंत दंड होऊ शकत होता. शिवाय कंपनीच्या पत्त्याखाली तक्रारीसाठी फोन आणि ईमेल पाहिजे, तो नव्हता. किमतीपुढं सर्व करांसहित असं पाहिजे, ते होतं नशिबाने. आणि पॅकर म्हणून नोंदणी, तिची फी ५०० रुपये, पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवसांत करायची असते, ती तर मी केलीच नव्हती कारण तशी काही नोंदणी असते हे कुणी सांगितलंच नाही. तडजोड शुल्क, म्हणजे कोर्टात न जाता मिटवायचे पैसे, भरलं, पावती घेतली, केस मिटली. त्या दुकानदाराला पण माझ्यापायी भुर्दंड बसला आणि त्याने वर्षभर माझा माल ठेवला नाही. दंडापेक्षा ते जास्त लागलं मनाला.

काट्याचं पासिंग पण बघा. इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी पास करून घ्यायला लागतो, रिपेअरिंगचं लायसन्स असलेला माणूस करून आणतो, सर्टिफिकेट काट्याजवळ लावून ठेवायचं. घरात आहे, कोण बघतंय, असं करू नका.

फूडवाल्यांचा अनुभव माझा उलट चांगला आहे, लोकांना पटत नाही. २०२२ च्या दिवाळीआधी अन्न सुरक्षा अधिकारी आले, सोबत एक पंच. मी हात पुसत बाहेर आले, पोटात गोळा. त्यांनी ओळखपत्र दाखवलं, आत फिरून बघितलं, चप्पल बाहेर काढून आले हे मला अजून आठवतंय, आणि मिरची पावडरीचा नमुना घेतला. नमुन्याचे चार भाग करतात, सगळे सील, सगळ्यांवर तुमची सही. आणि नमुन्याचे पैसे ते देतात! फुकट नेत नाहीत. मी नको नको म्हणत होते, भीतीने, तर ते म्हणाले बाई बिल करा, बिलाशिवाय मला नमुना नेता येत नाही. चौथा भाग मान्यताप्राप्त खाजगी लॅबला पाठवा असं तुम्ही तिथल्या तिथं लेखी मागू शकता, त्या तपासणीचा खर्च तुमचा. हे मला नंतर कळलं, तुम्ही आधीच लक्षात ठेवा. नमुना तपासणाऱ्या विश्लेषकाचा रिपोर्ट पटला नाही तर हातात पडल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं, तो दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा.

रिपोर्ट आला, माल चांगला, लेबल खराब. मिथ्याछाप म्हणतात त्याला. मी घटक पदार्थांत लिहिलं होतं, मिरची, मीठ, मसाले इ. मिरची पावडर आणि मसाला दोन्हीला एकच स्टिकर, हुशारी माझी. ते इ. नडलं. सगळे घटक लिहायचे, वजनाने जास्त असलेला आधी, म्हणजे धने, खोबरं, दगडफूल, बाद्यान सगळं ओळीने. बॅच नंबर नव्हता. आणि वर मोठ्ठ्या अक्षरात शंभर टक्के शुद्ध, तर शुद्ध, नैसर्गिक असले शब्द वाटेल तसे छापता येत नाहीत, २०१८ पासून त्याचे वेगळे नियम आहेत. मिथ्याछापला दंड तीन लाखांपर्यंत होऊ शकतो हे ऐकून आमच्याकडे दोन दिवस चूल नीट पेटली नाही. सुनावणीला मी नवीन छापलेलं लेबल, जुनं लेबल, आणि दुकानांतून परत मागवलेल्या मालाची यादी घेऊन गेले, वकील नाही नेला, दहा हजारांवर सुटले. फायदा किती झाला, चूक पहिलीच आहे का, हे सगळं दंड ठरवताना बघायचं असं कायद्यातच आहे, म्हणून हे कागद घेऊन जायचे, नुसतं रडून काही होत नाही.

त्या घाबरण्यातनं एक चांगलं झालं. मी स्वतःहून दरवर्षी एक नमुना खाजगी लॅबला द्यायला लागले. पहिल्याच वर्षी मिरची पावडरीत ॲसिडमध्ये न विरघळणारी राख १.३ टक्क्यांच्या वर निघाली, ती मर्यादा आहे. राख म्हणजे काय हो, तर माती न वाळू. आमची ब्याडगी आणि संकेश्वरी गच्चीवर वाळत होती, गच्चीचा कोबा निघायला आलेला, शेजारी बांधकाम. मी पिढ्यानपिढ्या चालत आलेलं म्हणून मिरवत होते आणि लोकांना सिमेंट खायला घालत होते. आता ताडपत्री, वर कापड, वर जाळी.

पैसे मागतात का, हा तुमचा खरा प्रश्न. मागितले. कुठल्या खात्याचा माणूस ते लिहित नाही. २०१९ ची गोष्ट, एक कागद तीन आठवडे पुढं सरकेना, दोन हजार दिले, त्याच दिवशी सरकला. खोटं कशाला सांगू. पण पुढल्या वर्षी त्या जागी नवीन माणूस आला आणि त्याला आधीच माहीत होतं की ही बाई देते! तेव्हा आमच्या सासऱ्यांनी सूत्रं हातात घेतली. आण्णा एसटीत कंडक्टर होते बत्तीस वर्षं. त्यांचं म्हणणं, लाईन चेकिंगला गाडी थांबली की घाबरायचं कुणी, ज्याची तिकिटं आणि बॅगेतली रोकड जुळत नाही त्यानं. ते माझ्याबरोबर ऑफिसला आले, अर्जाच्या दोन प्रती, एकीवर आवक नंबर आणि शिक्का मारून घेतला, आणि शांतपणे विचारलं, साहेब काय त्रुटी आहे ती लेखी द्या, आम्ही पूर्तता करतो. तो माणूस म्हणाला, लेखी कशाला, बसून बोलू. आण्णा म्हणाले, मला कमी ऐकू येतं, लेखीच द्या. (अजिबात कमी ऐकू येत नाही, टीव्ही बारीक आवाजात बघतात.) आठ दिवसांत काम झालं. महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, त्यात आलेल्या प्रत्येक सेवेला दिवस ठरलेले आहेत, मुदत उलटली की त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं, पण त्यासाठी अर्ज कधी दिला याची पोच पाहिजे, म्हणून तो शिक्का. आणि हेही माहीत असू द्या की २०१८ पासून लाच देणारा पण गुन्हेगार, जबरदस्तीने द्यायला लागली असेल तर सात दिवसांत कळवायचं असतं. लाचलुचपतवाल्यांचा नंबर १०६४. मी काही तेव्हा कळवलं नव्हतं.

तोतये पण फिरतात. गळ्यात कार्ड, कुठल्यातरी ग्राहक हक्क का मानवाधिकार संघटनेचं, तुमच्या मसाल्याची तक्रार आलीय म्हणतात. त्यांना आतच घेऊ नका, ओळखपत्राचा फोटो काढू का विचारलं की निम्मे तिथूनच वळतात.

बाकीचं पटकन. शॉप ॲक्टला मी केलं तेव्हा दहापेक्षा कमी माणसं असली की नुसती ऑनलाइन सूचना द्यायची होती, पंधरा मिनिटांचं काम. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, फुकट आहे, पैसे मागणारी वेबसाईट दिसली की बंद करा. नुसता माल विकणाऱ्या धंद्याला वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी लागत नाही, पण तुमची बहीण बेळगावला आहे म्हणालात ना, तिच्या दुकानात विकायला माल पाठवणार असाल तर ते दुसऱ्या राज्यात झालं, तिथं ही सूट चालत नाही, एखाद्या सीएला आधी विचारा. गिरणी घ्यायची असेल तर तालुका कृषी कार्यालयात पीएमएफएमई, म्हणजे छोट्या अन्नप्रक्रिया धंद्यांसाठीची केंद्राची योजना, अजून चालू आहे का याची चौकशी करा, मला २०२२ ला पल्व्हरायझरवर, म्हणजे मसाला दळायच्या यंत्रावर, ३५ टक्के अनुदान मिळालं, आणि त्या योजनेत एक जिल्हा संसाधन व्यक्ती असते ती बँकेचा अर्ज, फूडचं, उद्यमचं सगळं भरायला मदत करते आणि त्यासाठी तुमच्याकडून पैसे घ्यायचे नसतात. झेरॉक्सवाल्याला साडेचार हजार देण्याआधी मला हे कुणी सांगितलं असतं तर.

लेबल छापायला टाकायच्या आधी इथं खाली फोटो टाका, मी बघून सांगते. दुपारी नाही बघणार, मिरची आलीय, देठं काढायचं काम चालू आहे.