जुनी पिकअप, एक लाख दहा हजारांचं काम आणि जूनचा हप्ता

केज तालुक्यातल्या एका वाचकानं वहीची तीन पानं फोटो काढून पाठवली आहेत. अक्षर किरटं, पण हिशेब असा मांडलाय की आमच्या धंद्यातल्या पुष्कळांनी शिकावा.

मजकूर थोडक्यात असा. पिकअप 2013 ची, यांनी 2017 मध्ये सेकंडहँड घेतली, आजवर 2 लाख 46 हजार किलोमीटर झाले. सुगीत सोयाबीन आणि तूर लातूरच्या मोंढ्यात, एरवी भाजीपाला आणि मंडपाचं सामान बीडला. आता गाडी ऑइल खाते, सकाळी सेल्फ मारला की निळा धूर सोडते. गॅरेजवाल्यानं दुरुस्तीचे 1,10,000 सांगितलेत. शोरूमवाल्यानं नव्या गाडीचं साडेदहा लाखांचं ऑन-रोड कोटेशन दिलंय: 2 लाख डाऊन, साडेआठ लाख कर्ज, 11 टक्के, पाच वर्षं. हाताशी मल्टिस्टेट पतसंस्थेतले 1,60,000 आहेत, ते पुढच्या महिन्यात सुटतात. बँकेत 2 लाखांची एफडी आहे, ती मुलीच्या पुढच्या वर्षीच्या फीसाठी. शेती चार एकर, कोरडवाहू. पुतण्याला गाडी चालवायला द्यायची, तर त्याचं कारचं लायसन्स चालेल का, हीही काळजी. पत्राच्या शेवटी लिहिलंय, "घरचे म्हणतात, आटलेल्या म्हशीला पेंड कशाला चारायची? दसऱ्याला नवीच आणा. जीएसटी पण कमी झालाय."

भाऊ, जीएसटीचं आधी संपवतो. मालवाहू गाड्यांवरचा कर 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्के झाला, हे खरं. पण ती दसऱ्याची ऑफर नाही. तुमच्या कोटेशनमध्ये तो धरलेलाच आहे, आणि हा दर दिवाळीनंतरही मिळेल. या कारणासाठी घाई करू नका.

आता तुमचीच वही. ऑक्टोबर ते मार्च डिझेल आणि हमाली जाऊन महिन्याला 33 हजार उरतात, उरलेले सहा महिने 13 हजार. वर्षाचे झाले 2,76,000. गेल्या वर्षी विमा, पासिंग, पीयूसी, कर मिळून 28 हजार गेले आणि टायर, ऑइल, दुरुस्तीला 50 हजार. म्हणजे हातात 1,98,000.

नव्या गाडीचा हप्ता बसतो 18,480, वर्षाचा 2,21,760. फुल इन्शुरन्स कोटेशनप्रमाणे 42 हजार. सर्व्हिसिंग 18 हजार धरू. बेरीज 2,81,760. गाडी वर्षभर पळवून तुम्ही पावणेसहा हजार खिशातून घालणार, आणि घरात किराणा अजून आलेलाच नाही.

हे एकतर्फी वाटेल, म्हणून नव्या गाडीच्या बाजूनंही मांडतो. गेल्या वर्षी जुनी गाडी 26 दिवस उभी राहिली. एका फेरीला तुम्हाला दीड हजार सुटतात, तेव्हा 39 हजार बुडाले असं म्हणू. शिवाय नवी गाडी पाच वर्षांनी चार लाखांना जाईल असा माझा अंदाज, म्हणजे वर्षाला 80 हजार तिच्या खात्यात जमा. जुन्यावर लावायचा सव्वा लाख (1,10,000 चे एवढे का झाले ते खाली सांगतो) तीन वर्षांत वाटला आणि नव्यावर भरायचे दोन लाख पाच वर्षांत वाटले, तर दोन्ही वर्षाला 40 हजारांच्या आसपास येतात, त्यांची फिटंफिट. एवढं सगळं देऊनही नवी गाडी वर्षाला सुमारे 85 हजारांनी महाग पडते. ते भरून काढायला महिन्याला जवळजवळ पाच फेऱ्या जास्त हव्यात. तुमच्या गावात पाच फेऱ्यांचा माल नाही असं मी म्हणत नाही. पण तो जूनमध्ये आहे का?

पाच फेऱ्या ही सरासरी झाली, बँक सरासरी बघत नाही. जूनमध्ये तुमच्याकडे 13 हजार असतील आणि पाच तारखेला 18,480 कापले जातील. त्याच महिन्यात बी-बियाणं, खत, शाळेच्या वह्या. शेत आणि गाडी ही तुम्हाला दोन वेगळी उत्पन्नं वाटतात. पण ती एकाच पावसावर उभी आहेत. 2025 च्या सप्टेंबरात बीड-धाराशिव-लातूरकडे पाण्यानं जे केलं ते तुम्ही पाहिलंय. सोयाबीन शेतात कुजलं तेव्हा ज्याचं पीक गेलं त्याचं तर गेलंच, ते मोंढ्यात नेणाऱ्या गाडीचं भाडंही गेलं. अशा वर्षी जुनी गाडी दारात उभी राहिली तर ती काही मागत नाही. हप्त्याची गाडी उभी राहिली तर मागते.

शिवाय डाऊन पेमेंटसाठी मल्टिस्टेटचे 1,60,000 पुरत नाहीत, 40 हजार मुलीच्या एफडीतून काढावे लागतील. त्या एफडीला हात लावायचा नाही, एवढं माझ्या सांगण्यावरून तरी पाळा.

तर माझं मत: गाडी दुरुस्त करा. पण गॅरेजवाल्यानं दिलेल्या यादीप्रमाणे नाही.

ती यादी मी दोनदा वाचली. फुल इंजिन (सगळं उघडून नव्यानं बांधणं) 70 हजार, क्लचसेट 12 हजार, पाटे (चाकांवरचे स्प्रिंग) आणि बुश 10 हजार, डेंटिंग-पेंटिंग 18 हजार. यात रंग आहे आणि ब्रेक नाही! तुम्हीच पत्रात एका ओळीत सांगून टाकलंय की मांजरसुंब्याचा घाट उतरताना पॅडल खाली जातं आणि दोनदा मारावं लागतं. मागचे दोन टायर रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवी नक्षी चढवलेले, पुढच्यांवर 3218 असा आकडा. तो आकडा म्हणजे 2018 सालचा 32 वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी इतकी वर्षं मराठवाड्याचं ऊन खाल्लेलं रबर बाजूनं तडकतं, आणि मे महिन्यात भरल्या गाडीखाली फुटलं तर इंजिन नवं आहे की जुनं हे कोणी विचारणार नाही. रंगाचे 18 हजार काढून टाका. ब्रेकचं पूर्ण काम, लायनर, व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, दहा हजारांत बसवा. चार टायर 26 हजार धरा. ही कामं इंजिनाच्या आधी.

आणि त्याच्याही आधी चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा. माझ्या मामांचा टेम्पो होता. इंजिनावर त्यांनी चांगले पैसे घातले, तीन महिन्यांनी मागच्या पाट्याच्या हँगरपाशी चेसिसला चीर दिसली. वेल्डिंग केलं, परत उकललं. इंजिन ठणठणीत असलेला टेम्पो शेवटी भंगारात गेला. म्हणून गाडी रॅम्पवर चढवा, खालून धुवून घ्या आणि हँगर, क्रॉस मेंबर, हौद्याच्या खालची जागा बॅटरीच्या उजेडात बघा. तिथे चीर असेल किंवा गंजानं पत्रा सोलत असेल, तर वरचा सगळा हिशेब रद्द. मग या गाडीवर रुपया लावू नका, मला पुन्हा लिहा.

इंजिनाबद्दल मी बोलणं म्हणजे अधिकार नसताना बोलणं, पण पैशाच्या बाजूनं एक विचारतो. फुल इंजिन करायचं हे कशावरून ठरलं? निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, एवढंच. ते रिंग-लायनर झिजल्यामुळे जळत असेल, व्हॉल्व्हच्या सिलमधून उतरत असेल किंवा टर्बोच्या सिलमधूनही येत असेल. सकाळी पहिल्या सेल्फलाच धूर येऊन मग कमी होत असेल तर व्हॉल्व्ह सिलवर संशय जातो. कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाची तपासणी, करून घ्या, आणि ती तुमच्या गॅरेजवाल्याकडे नको, लातुरात किंवा अंबाजोगाईत दुसऱ्याकडे. त्याचा खर्च इंजिन उघडण्यापुढे किरकोळ आहे. आकडे चांगले आले तर 70 हजारांचं काम निम्म्याहून कमी पैशांत भागू शकतं. वाईट आले तर करा फुल इंजिन, पण मशीन शॉपचं बिल आणि पार्टच्या पावत्या वेगळ्या मागा. क्लच मात्र तेव्हाच उरका, इंजिन उतरवलेलं असताना त्याची मजुरी वाचते.

सगळं लागलं तरी बेरीज 1,28,000 येते. मल्टिस्टेटच्या 1,60,000 मधून 32 हजार उरतात. ते परत तिथे ठेवू नका. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, एका बँकेत माणशी 5 लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेला आणि मल्टिस्टेटला तो नाही. बीड-जालन्यात पैसे अडकलेली माणसं माझ्यासमोर रोज येऊन बसतात, आणि प्रत्येकाला टक्का जास्त मिळत होता. ते 32 हजार बँकेत, गाडीच्या नावाचं वेगळं बचत खातं काढून ठेवा. सुगीच्या सहा महिन्यांत त्यात महिन्याला आठ हजार टाका. त्यातलं वर्षात काही दुरुस्तीला जाईल, उरेल ते 2028 साठी.

2028 का? तेव्हा गाडीला पंधरा वर्षं होतील. पंधरा झाली की गाडी आपोआप भंगारात जाते, असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. तसं नाही, फिटनेसमध्ये पास झाली तर ती चालते. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग आहेच, ते तुम्ही करताय. पण वयाबरोबर तपासणीचं शुल्क वाढत जातं, पर्यावरण कर असतो, आणि तोवर तुमची मुलगी शिकून निघालेली असेल, म्हणजे हप्त्यांचं ओझं तुम्हाला पेलेल. भंगारात द्यायची वेळ आली तर ती नोंदणीकृत केंद्रातच द्या. तिथलं प्रमाणपत्र दाखवलं की नव्या मालवाहू गाडीच्या करात सवलतीची तरतूद आहे.

तोवर एक काम फुकटात होतं: रिटर्न भरा. दहापर्यंत मालवाहू गाड्या असणाऱ्यांसाठी आयकरात अंदाजित उत्पन्नाची सोय आहे, तुमच्यासारख्या हलक्या गाडीला दरमहा 7,500, म्हणजे वर्षाला 90 हजार. खरं उत्पन्न जास्त आहे, तर जास्त दाखवा. वहीखातं ठेवावं लागत नाही आणि या आकड्यांवर कर बहुधा शून्यच निघेल. पण तीन वर्षांची रिटर्न हातात असली की 2028 मध्ये तुम्ही खासगी फायनान्सवाल्याऐवजी बँकेच्या दारात उभे राहता.

आता तुम्ही न विचारलेलं. आरसीवर भारक्षमता साडेबारा क्विंटल आहे आणि तुम्ही वीस-बावीस भरता, असं तुमच्याच फेऱ्यांच्या वहीत दिसतं. "सगळेच भरतात" हे मला माहीत आहे. पाटे, क्लच, ब्रेक, तिन्ही एकदम का गेले त्याचं उत्तरही त्याच वहीत आहे. ओव्हरलोडचा दंड 20 हजारांपासून सुरू होतो, वर जादा टनामागे 2 हजार. एकदा सापडलात की तेरा फेऱ्यांची कमाई गेली. आणि घाटात डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकता, ते आजपासून बंद. न्यूट्रलमध्ये इंजिन फिरत ठेवायला डिझेल लागतंच. उलट गिअरमध्ये पाय काढून उतरलात तर पंप डिझेल तोडतो आणि इंजिनच गाडीला धरतं. चावी बंद करून उतरत असाल तर ब्रेकची ताकदही जाते, मग ते पॅडल दोनदा मारूनही उपयोग नाही.

त्याहून जड गोष्ट हौद्यातल्या बायकांची. वेचणीला, काढणीला मजूर बायकांना गाडीतून नेता, त्यांचं भाडं घेत नाही, असं तुम्ही अभिमानानं लिहिलंय. मन मोठं आहे, पण मालवाहू गाडीच्या विम्यात मालाचा मालक किंवा त्याचा माणूस बसतो, हौद्यातली माणसं बसत नाहीत. काही झालं तर भरपाई तुमच्या चार एकरांवर येईल. एक रिक्षा ठरवा, पैसे शेतमालकाकडून घ्या.

विम्याचंच आणखी एक. तुमचा फक्त थर्ड पार्टी आहे, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता. 2022 मध्ये साडेसात टनांच्या आतल्या भाड्याच्या मालवाहू गाडीला 16,049 ठरले होते, तो. त्यात पुराच्या पाण्यात बुडालेल्या तुमच्या गाडीचा एक रुपयाही मिळत नाही. नूतनीकरणाला स्वतःच्या नुकसानीचा भाग जोडून किती वाढतात ते विचारा. जुन्या गाडीची किंमतच कमी, त्यामुळे फरक तुम्हाला वाटतो तेवढा नसेल. त्यात 15 लाखांचा मालक-चालकाचा अपघाती विमा आहे का तेही पाहा. तो तुमच्यापुरता आहे, पुतण्या चालवत असेल तर त्याचा वेगळा जोडावा लागेल.

पुतण्याच्या लायसन्सची काळजी मात्र सोडा. कारचं एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) लायसन्स साडेसात टनांच्या आतल्या मालवाहू गाडीला चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं 6 नोव्हेंबर 2024 ला स्पष्ट केलंय. लायसन्सची मुदत संपलेली नाही ना, एवढं बघा. पत्रासोबतच्या फोटोत ती तारीख बोटाखाली गेली आहे.