जे पक्षी दिसतच नाहीत, त्यांची गणना आणि संवर्धन कसे करतात?

अशा पक्ष्यांना पाहण्यापेक्षा ऐकणे अधिक उपयोगी ठरते. ब्रिटनमधील बिटर्न हे याचे उत्तम उदाहरण आहे. बगळ्यांच्या कुळातील हा तपकिरी, ठिपकेदार पक्षी धोका जाणवताच चोच आकाशाकडे रोखून पाणथळीतल्या बोरूच्या (उंच गवताच्या) बेटात असा स्तब्ध उभा राहतो, की चार पावलांवरूनही तो ओळखू येत नाही. मात्र विणीच्या काळातील नराचा घुमणारा आवाज काही किलोमीटरपर्यंत पोहोचतो. प्रत्येक नराचा आवाज थोडा वेगळा असल्यामुळे त्या आवाजांवरूनच गणना केली जाते, आणि १९९७ मध्ये असे केवळ ११ नर आढळले होते.

संख्या इतकी घटण्याचे कारण शिकार नव्हते (ते एकोणिसाव्या शतकातले दुखणे), तर बोरूची बेटे हळूहळू कोरडी पडत होती. त्यामुळे जुना बोरू कापणे, साचलेला गाळ काढून तळ खोल करणे आणि मासे टिकतील इतके पाणी राखणे, अशी कामे हाती घेण्यात आली. सफोकमधील लेकनहीथ येथे तर गाजराच्या शेतांचे रूपांतर पाणथळीत करण्यात आले, आणि तेथे बिटर्न खरोखरच वीण करू लागले. आज देशातील नरांची संख्या २०० च्या वर आहे.