उबंटू सोडून सगळे चालले कुठे?

या वेळच्या टपालात लिनक्सच लिनक्स आहे. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टीम, आणि उबंटू, मिंट, आर्च ही तिची वेगवेगळी तयार रूपं, त्यांना डिस्ट्रो म्हणतात. बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो, रागावू नका.

प्रश्न: मी कॉलेजात होतो तेव्हा डिस्ट्रोवॉचच्या यादीत मिंट पहिलं असायचं. मग कित्येक वर्षं एमएक्स लिनक्स. आता बघतो तर कॅशीओएस! माझ्या ओळखीत एकानेही हे वापरलेलं नाही. मग हे सगळे लोक आहेत तरी कुठे?

उत्तर: तुमच्या ओळखीतल्यांचं काही चुकलेलं नाही, ती यादी मुळात वापरणाऱ्यांची नाहीच. डिस्ट्रोवॉच ही साइट 2001 पासून आहे, तिच्यावर प्रत्येक डिस्ट्रोचं एक पान आहे आणि ते पान रोज किती जणांनी उघडलं एवढंच तिथे मोजतात, एका आयपी पत्त्यावरून दिवसाला एकदाच. म्हणजे तुम्ही "हे कॅशी काय प्रकरण आहे बुवा" म्हणून क्लिक केलंत की तुमचंही मत पडलं, मग इन्स्टॉल करा नाहीतर करू नका. आणि एकदा नाव वर गेलं की लोक कुतूहलाने अजून क्लिक करतात, त्यामुळे ते अजून वर राहतं. उलट रोज उबंटू वापरणारा माणूस उबंटूचं पान उघडेल कशाला? हा वापराचा आकडा नाही असं साइटवाले स्वतःच सांगतात, पण ते वाचतंय कोण.

खरा आकडा कोणाकडेच नाही आणि त्याला कारण आहे. आयएसओ फाइल (अख्खी डिस्ट्रो एका फाइलमध्ये) कुठल्याही मिररवरून, म्हणजे प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवरून, उतरते, नोंदणी लागत नाही, एका पेनड्राइव्हवरून दहा मशीनवर टाकता येते आणि त्यातली आठ मशीन पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच डिस्ट्रोवर गेलेली असतात. त्यातल्या त्यात बरं मोजमाप म्हणजे स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाचा दर महिन्याचा सर्व्हे, पण तो फक्त गेम खेळणाऱ्यांचा. तिथे लिनक्सने ऑक्टोबर 2025 मध्ये पहिल्यांदा 3 टक्क्यांचा टप्पा ओलांडला. सर्व्हरवाले, ऑफिसवाले, जुन्या लॅपटॉपवर ईमेल बघणारे काका, यांतलं कोणीच त्यात येत नाही.

तरी यादी बघावी. वारा कुठून वाहतोय ते कळतं, किती जोरात ते कळत नाही.

प्रश्न: सर, मी 2008 साली उबंटूवरून लिनक्सला सुरुवात केली, घरपोच फुकट सीडी आली होती. तेव्हा लिनक्स म्हणजे उबंटू असंच होतं. आता जो तो उबंटूला शिव्या देतो. असं काय बिघडलं?

उत्तर: सर नका म्हणू, मीपण त्याच सीडीवाला. ऑक्टोबर 2004 मध्ये पहिलं उबंटू आलं, आवृत्ती 4.10, पाया डेबियन या जुन्या डिस्ट्रोचा आणि मागे पैसा उद्योजक मार्क शटलवर्थचा. फुकट सीडी पाठवायची ती योजना 2011 पर्यंत चालली. तोपर्यंत लिनक्स बसवायचं म्हणजे मॉनिटरचे आकडे हाताने भरा, साउंड कार्डशी भांडा, असा प्रकार असायचा, आणि उबंटूने तो बराचसा संपवला. हे श्रेय त्यांचंच, ते कोणी काढून घेऊ नये.

बिघडलं ते एकदम नाही, हळूहळू, आणि सुरुवात फार बारीक गोष्टीपासून झाली. 2010 च्या 10.04 मध्ये खिडकी बंद करायची बटणं उजव्या कोपऱ्यातून उचलून डाव्या कोपऱ्यात नेली. हसू नका. दिवसातून शंभर वेळा हात सवयीने उजवीकडे जायचा आणि तिथे काहीच नसायचं. पाठोपाठ 2011 मध्ये 11.04 मधून नेहमीचा डेस्कटॉपच गेला आणि युनिटी आलं, डावीकडे मोठमोठ्या आयकॉनची पट्टी. नेमकं त्याच महिन्यात नोम 3 पण आलं, म्हणजे त्या जुन्या डेस्कटॉपचीच नवी आवृत्ती, तेही पूर्ण वेगळं, म्हणजे ज्यांना जुनं हवं होतं त्यांना पळायला जागाच उरली नाही. ती जागा मिंटने दिली. खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू, बटणं जिथल्या तिथे. मिंटने नवीन काही शोधलं होतं असं नाही, आत सगळं उबंटूच होतं, फक्त लोकांची सवय मोडली नाही. त्याच वर्षी डिस्ट्रोवॉचवर मिंट पहिलं झालं.

माझं मत असं की लोक नव्या डिस्ट्रोच्या प्रेमात पडून फार कमी वेळा हलतात, आधीच्या घरात काहीतरी खुपायला लागतं तेव्हा हलतात. उबंटूने तशी संधी पुन्हा पुन्हा दिली. 2012 च्या 12.10 मध्ये तुम्ही स्वतःच्या मशीनवर फाइल शोधायला गेलात की खाली ॲमेझॉनवरच्या वस्तू दिसायच्या. पुढे 2017 मध्ये युनिटी सोडून दिलं, नोमवर परत आले, 17.10 मध्ये बटणंसुद्धा उजवीकडे परत आली (सात वर्षांनी!), पण तोपर्यंत नवं भांडण तयार होतं, स्नॅपचं, म्हणजे उबंटूच्या कंपनीच्या स्वतःच्या ॲप दुकानाचं.

ते काय आहे ते एकदा करूनच बघा. उबंटू 22.04 वर टर्मिनल (कमांड लिहायची खिडकी) उघडून ॲप्टला, म्हणजे नेहमीच्या इन्स्टॉल करणाऱ्या प्रोग्रामला, फायरफॉक्स इन्स्टॉल करायला सांगा. ॲप्ट हो म्हणतं, एक चिमुकलं पॅकेज उतरवतं, आणि ते पॅकेज आत जाऊन परस्पर स्नॅप दुकानातून फायरफॉक्स आणतं. मागितलं एका काउंटरवर, माल आला दुसऱ्याच. सुरुवातीला ते पहिल्यांदा उघडायला इतका वेळ घ्यायचं की क्लिक लागलंच नाही असं वाटून माणूस दुसऱ्यांदा क्लिक करायचा. स्नॅपच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे, अपडेट लवकर मिळतात, ॲप वेगळ्या कप्प्यात बंद राहतं, पण न विचारता केलं हे लोकांना झोंबलं. मिंटने 2020 मध्येच, आपल्या 20 नंबरच्या आवृत्तीत, ॲप्टला असं चोरून स्नॅप आणायला बंदी केली होती. पुन्हा तेच, लोक मिंटकडे.

तरी क्लाउडवर, शिकवण्यांमध्ये, कुठल्याही सॉफ्टवेअरच्या सूचनांमध्ये अजून उबंटूच पहिलं असतं. शिव्या ज्याला पडतात तो वापरात असतो.

प्रश्न: ऑफिसात आमचे सगळे सर्व्हर सेंटओएसवर होते. आता अर्धी टीम रॉकी म्हणते, अर्धी अल्मा. काय फरक आहे?

उत्तर: ही तर वैतागून घर सोडल्याची सगळ्यात मोठी गोष्ट. सेंटओएस म्हणजे रेड हॅट या कंपनीचं एंटरप्राइझ लिनक्सच, फक्त पैसे न देता. 2014 मध्ये रेड हॅटने तो प्रकल्प आपल्याकडे घेतला, 2019 मध्ये रेड हॅटलाच आयबीएमने 34 अब्ज डॉलरला घेतलं, आणि डिसेंबर 2020 मध्ये जाहीर झालं की सेंटओएस 8 चा आधार (म्हणजे अपडेट मिळणं) 2029 ऐवजी 2021 च्या अखेरीलाच संपणार. सात वर्षांहून जास्त कापली एका घोषणेत. ज्यांनी नुकतंच 7 वरून 8 वर सगळं हलवलं होतं त्यांचं काय झालं असेल विचार करा, कारण जुन्या 7 ला मात्र जून 2024 पर्यंत आधार मिळाला!

2021 मध्येच दोन पर्याय उभे राहिले. अल्मालिनक्समागे क्लाउडलिनक्स ही कंपनी होती. रॉकी लिनक्स ग्रेगरी कर्टझर यांनी सुरू केलं, ते सेंटओएसच्याही मुळाशी होते आणि रॉकी हे नाव सेंटओएसच्या दिवंगत सहसंस्थापकाचं. मग जून 2023 मध्ये रेड हॅटने एंटरप्राइझ लिनक्सचा सोर्स कोड उघड्यावर ठेवणं बंद केलं, तिथून दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. रॉकी अजूनही रेड हॅटची तंतोतंत प्रत राहायचं बघतं, अल्मा म्हणतं की रेड हॅटवर चालणारं सॉफ्टवेअर आमच्यावर चाललं म्हणजे झालं, प्रत्येक बग जुळलाच पाहिजे असं नाही. तुमचं सॉफ्टवेअर विकणारा कोणाला पाठिंबा देतो ते आधी विचारा, टीममधला वाद तिथेच मिटेल.

प्रश्न: माझा मुलगा म्हणतो आर्च सोडून बाकी सगळं लहान मुलांचं. खरं का?

उत्तर: त्याने हे तुम्हाला स्वतःहून सांगितलं ना, तुम्ही न विचारता? म्हणजे आर्चच वापरतोय तो.

चेष्टा सोडा, आर्चचे दिवस खरंच आलेत. पूर्वी ते काळ्या पडद्यावर हाताने कमांड मारून बसवायचं, 2021 पासून आयएसओतच इन्स्टॉलर मिळतो. आणि फेब्रुवारी 2022 मध्ये स्टीम डेक हे हातात धरून गेम खेळायचं यंत्र आलं, त्यातलं स्टीमओएस 3 आर्चवर बांधलेलं आहे, आधीचं डेबियनवर होतं. नवीन ग्राफिक्स ड्रायव्हर लवकर हवे असणाऱ्यांना तिकडे जावंसं वाटणारच. पहिल्या प्रश्नातल्या त्या कॅशीओएसचं मूळही आर्चच, नव्या प्रोसेसरसाठी वेगळी बांधलेली पॅकेजं देतात ते. फक्त चिरंजीवांना सांगा, परीक्षेच्या आदल्या रात्री अपडेट मारू नकोस.

प्रश्न: मी मॅंड्रेकपासून लिनक्स वापरतो. ते गेलं. आता जे निवडेन तेही जाईल ही भीती वाटते.

उत्तर: मॅंड्रेक! 1998 चं ते, रेड हॅटवर केडीई हा डेस्कटॉप चढवून सोपं केलेलं, त्या काळचं उबंटूच म्हणा. 2005 मध्ये मॅंड्रिव्हा झालं, 2015 मध्ये कंपनीच बंद झाली. पण 2010 मध्येच त्यातून मॅजिया फुटून निघालं होतं, ते अजून आहे. भीती कमी करायची तर एक काम करा, ईटीसी फोल्डरातली ओएस-रिलीज नावाची फाइल उघडा. मिंटवर त्यात आयडी-लाइक अशी एक ओळ दिसेल, पाया कोणाचा ते सांगणारी, पुढे उबंटू आणि डेबियन. वरचं नाव उद्या गेलं तरी तुम्हाला आलेलं ॲप्ट पाठीमागच्यावर तसंच चालणार. आणि डेबियन 1993 पासून आहे, कंपनीच नाही त्यामुळे विकायचा प्रश्न नाही.

प्रश्न: विंडोज 10 चा आधार ऑक्टोबर 2025 ला संपला, माझा लॅपटॉप 11 ला चालत नाही. यादीतलं पहिलं टाकू का?

उत्तर: नको. मिंट पेनड्राइव्हवर घ्या, इन्स्टॉल न करता नुसतं त्यावरून बूट करा, म्हणजे लॅपटॉप सुरू करा. वाय-फाय लागतं का, आवाज येतो का, ब्राइटनेसची बटणं चालतात का बघा. मग झाकण बंद करा, पाच मिनिटांनी उघडा. जागा झाला तर टाका. नाही झाला तर तेच फेडोरा या दुसऱ्या डिस्ट्रोवर करून बघा आणि मला कळवा.