ओ देतील ते नाव कोणतं?

प्रश्न : ताई, माझे सासरे एस.टी.तले निवृत्त कंडक्टर, वय ७८. दोन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. गेल्या महिन्यात पहाटे साडेचारला ‘ड्युटी आहे’ म्हणून निघाले, ते तीन तासांनी स्टँडवर सापडले. घरचे म्हणतात, चोवीस तासांच्या आत पोलीस तक्रार घेत नाहीत, आणि शेजारी कळायलाही नको. मला रात्र रात्र झोप नाही. काय करू?
— एक सून, सातारा

उत्तर : चोवीस तासांचं आधी डोक्यातून काढा. असा नियम नाही. घर, जिना, गच्ची, न्हाणीघर बघून झालं आणि दिसले नाहीत, की लगेच ११२ लावा. एकाने थेट ठाण्यात जाऊन हरवल्याची नोंद करावी. ‘विसरण्याचा आजार आहे, पत्ता सांगता येत नाही’ हे पहिल्याच वाक्यात सांगा.

माझे वडील लालबागच्या गिरणीत होते. पुढे आम्ही डोंबिवलीला राहायला आलो. एका श्रावणात संध्याकाळी ते ‘पाळीला उशीर होतोय’ म्हणत निघून गेले. आम्ही स्टेशन, ठाणे, परळ पालथं घातलं. सापडले सकाळी, शेजारच्याच इमारतीमागे, पंपाची खोली आणि कंपाउंडची भिंत यांच्या फटीत बसलेले. त्या भिंतीवरून माझा भाऊ रात्री दोनदा ‘बाबा, बाबा’ हाका मारत गेला होता. पण त्या रात्री ते पंचविशीतले गिरणीकामगार होते, ते कुणाचे बाबा असणार? आत्याने ‘बाळ्या’ म्हटलं तेव्हा मान वर झाली.

म्हणून सांगते, नुसत्या हाकांवर विसंबू नका. ही माणसं बऱ्याचदा ओ देत नाहीत. वाट अडेपर्यंत चालतात आणि अडली की तिथेच थांबतात. बॅटरी घेऊन जवळचे ओढे, बोळ, उसाच्या कडा डोळ्यांनी तपासा. आणि तुमचे सासरे कोणत्या नावाला ओ देतात, ते आजच त्यांच्या बहीणभावंडांना विचारून ठेवा.

दुसरी माणसं स्टँडवर पाठवा. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एस.टी.चा प्रवास राज्यात मोफत आहे. म्हणजे खिशात पैसे नसले तरी ते गाडीत बसू शकतात. वाहतूक नियंत्रकाला आताच भेटून फोटो आणि दोन फोन नंबर द्या. जुन्या सहकाऱ्याचं काम आहे म्हटल्यावर तो मनावर घेईल. तेच नंबर त्यांच्या आधार कार्डाच्या पाकिटात आणि प्रत्येक सदऱ्याच्या कॉलरच्या आत, न पुसणाऱ्या शाईने. पूर्ण उंचीचा फोटो दर महिन्याला नवा काढा.

शेजाऱ्यांपासून लपवू नका, हे मी हात जोडून सांगते. आम्ही लपवलं होतं. वडिलांना जाताना तिघांनी पाहिलं, एकानेही अडवलं नाही, कारण त्यांना माहीतच नव्हतं. पहाटे साडेचारला रस्त्यावर दूधवाला, पेपरवाला, चहाची गाडी लावणारा असतो. त्यांना सांगा.

बाहेरून कुलूप लावून त्यांना एकटं ठेवू नका. आग लागली तर? दाराला घुंगरू बांधा. त्याच्या आवाजाने तुम्हाला जाग येईल, आणि त्या भरवशावर थोडी झोपही लागेल. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या हेल्पलाइनवरही बोलून बघा.

सापडले की रागावू नका, ‘कुठे गेला होतात’ विचारू नका. ‘ड्युटी संपली, कॅश भरून झाली, चला, चहा ठेवलाय,’ एवढंच म्हणा.