वाचकांचे प्रश्न : मुक्कामाच्या गाडीतील बॅटरी आणि दिवे

प्रश्न : आमच्या व्हॅनमध्ये मागच्या बाजूला झोपण्याची सोय करून घेतली आहे आणि सुट्टीत आम्ही चौघे भंडारदरा, जव्हार, काशीद अशा ठिकाणी दोन-तीन रात्री गाडीतच मुक्काम करतो. पलंगाखाली घरगुती इन्व्हर्टरची १५० ॲम्पिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी असून ती एका रिलेमार्फत (विजेवर चालू-बंद होणाऱ्या स्विचमार्फत) इंजिनाच्या बॅटरीला जोडलेली आहे. तिच्यावर नऊ वॅटचे चार दिवे, टेबल फॅन आणि चार मोबाइल चालतात. दुसऱ्या रात्री मात्र सगळे बंद पडते. दुकानदार त्याच जागी, त्याच तारांवर २०० ॲम्पिअर-तासांची लिथियम बॅटरी बसवून देतो म्हणतो. घ्यावी का?
— एक वाचक, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर : लिथियम बॅटरी अवश्य घ्यावी, परंतु एवढ्या मोठ्या बॅटरीची आपल्याला गरज दिसत नाही, आणि जुन्या तारांवर तर ती मुळीच बसवू नये.

आधी हिशेब मांडू. १५० ॲम्पिअर-तास गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १८०० वॅट-तास होतात, पण आपली ट्यूब्युलर बॅटरी लेड-ॲसिड (शिसे आणि आम्ल) प्रकारची आहे आणि अशी बॅटरी निम्म्याहून अधिक उतरू दिली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून हाती खरे तर ९०० वॅट-तासच धरावेत. चार दिवे पाच तास चालले की १८० वॅट-तास जातात आणि पन्नास वॅटचा फॅन रात्रभर म्हणजे आठ तास चालला की ४०० जातात. आपल्या पत्रात ज्याचा उल्लेख नाही तो खर्च इन्व्हर्टरचा आहे. काहीही जोडलेले नसताना तो नुसता चालू राहण्यासाठी पंधरा वॅट घेत असेल, तर चोवीस तासांत ३६० वॅट-तास, म्हणजे दिव्यांच्या दुप्पट वीज, तो एकटाच खातो. १२ व्होल्टचे २३० करताना होणारी साधारण दहा-पंधरा टक्क्यांची घट वेगळीच. दुसऱ्या रात्री अंधार होतो तो यामुळे.

म्हणून पहिला खर्च बॅटरीवर न करता उपकरणांवर करावा. चार वॅटचे १२ व्होल्टचे चार एलईडी दिवे, वीस वॅटचा १२ व्होल्टचा पंखा आणि मोबाइलसाठी थेट १२ व्होल्टवर चालणारे यूएसबी सॉकेट एवढे केले, तर दिव्यांचे ८०, पंख्याचे १६० आणि चार मोबाइलचे सुमारे ६० मिळून रोजची गरज ३०० वॅट-तासांवर येते. इन्व्हर्टर काढून टाकायची गरज नाही. लागेल तेवढाच वेळ तो चालू करावा. १०० ॲम्पिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १२.८ व्होल्टने १२८० वॅट-तास देते आणि त्यातले ऐंशी टक्के निर्धास्त वापरता येतात, म्हणजे आपल्या तीन रात्री त्यात निघतात. पुढे कॉम्प्रेसरचा छोटा फ्रिज घेण्याचा विचार असेल, तर तो एकटाच दिवसाला चारशे-पाचशे वॅट-तास घेऊ शकतो आणि मग हा हिशेब पुन्हा मांडावा लागेल.

आता चार्जिंगचा मुद्दा, ज्याकडे दुकानात सहसा दुर्लक्ष होते. लेड-ॲसिड बॅटरी भरत येते तसतसा ती स्वतःच कमी प्रवाह घेऊ लागते. लिथियमचा अंतर्गत रोध अत्यल्प असल्यामुळे ती जवळजवळ शेवटपर्यंत मिळेल तेवढा प्रवाह ओढत राहते. घोडबंदरच्या कोंडीत इंजिन मंद गतीने फिरत असते, त्या वेळी आल्टरनेटरला, म्हणजे इंजिनाच्या जोरावर वीज तयार करणाऱ्या यंत्राला, थंड ठेवणारा पंखाही मंदच फिरतो, आणि नेमक्या अशा वेळी त्याच्यावर पूर्ण भार पडला तर तो तापून निकामी होऊ शकतो. शिवाय अनेक बीएस-६ गाड्यांमध्ये इंधन वाचवण्यासाठी आल्टरनेटरचे व्होल्टेज कमी-जास्त केले जाते, त्यामुळे साध्या रिलेवर मागची बॅटरी कधी पूर्ण भरतच नाही. या दोन्ही अडचणींवर उपाय एकच: रिले काढून तिथे वीस ॲम्पिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर, म्हणजे येणारे व्होल्टेज कमी-जास्त असले तरी मागच्या बॅटरीला योग्य व्होल्टेजने मर्यादित प्रवाह देणारा चार्जर, बसवावा आणि तो इंजिन चालू असतानाच काम करील अशी जोडणी करून घ्यावी. चार तासांच्या प्रवासात तो ८० ॲम्पिअर-तास भरतो, म्हणजे कसारा घाट चढून मुक्कामी पोहोचेपर्यंत बॅटरी जवळपास भरलेली असते.

या चार्जरला पुढच्या बॅटरीकडून सुमारे पंचवीस ॲम्पिअर लागतात. पाच मीटर जाणे आणि पाच मीटर येणे अशी तांब्याची तार सहा चौरस मिलिमीटरची असेल, तर वाटेतच पाऊण व्होल्ट गळतो. सोळा चौरस मिलिमीटरची घेतली तर ही गळती पाव व्होल्टच्या आसपास राहते. फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो, म्हणून तो दोन्ही बॅटऱ्यांच्या धन टोकापासून वीतभर अंतरातच हवा. गाडीच्या पत्र्यातून तार आरपार नेताना भोकात रबरी ग्रोमेट (भोकाची कड झाकणारे कडे) बसवलेच पाहिजे, कारण घाटातल्या हादऱ्यांनी पत्र्याची कड तारेचे आवरण कापते आणि आग लागते ती तिथून. घरगुती एसी एमसीबी (प्रवाह वाढला की आपोआप बंद होणारा स्विच) इथे चालणार नाही. डीसीसाठीचा फ्यूज किंवा ब्रेकरच मागावा.

एक गोष्ट नवी बॅटरी येण्याची वाट न पाहता आजच करावी. ट्यूब्युलर बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडते आणि ती आपल्या पलंगाखाली आहे. तिचा वायू नळीने गाडीबाहेर जाण्याची सोय नसेल, तर तिच्यावर मुले झोपवू नयेत. ही बॅटरी पन्नास किलोंहून जड असते, तेव्हा ती नीट आवळून बांधलेली आहे का, हेही पाहावे. लिथियमचे वजन याच्या चौथ्या हिश्शाइतके भरेल, पण तीही बांधावीच.

छतावर सौर पॅनल बसवायचे असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलांशी विसंगत फेरफार करता येत नाहीत, हे लक्षात घेऊन आधी आरटीओ आणि विमा कंपनी यांच्याकडे चौकशी करावी. जमिनीवर ठेवायचे घडीचे पॅनल हा मला अधिक बरा पर्याय वाटतो, कारण गाडी सावलीत आणि पॅनल उन्हात ठेवता येते. शंभर वॅटचे पॅनल स्वच्छ उन्हात दिवसाला साडेतीनशे-चारशे वॅट-तास देते. ऐन पावसाळ्यात त्याच्या चौथ्या हिश्शाचाही भरवसा धरू नये.

प्रश्न : गाडीत लावलेल्या एलईडी पट्ट्या काही महिन्यांतच जळतात, आणि दिवा लावला की किड्यांनी गाडी भरून जाते. कोणते दिवे घ्यावेत?
— एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : ‘१२ व्होल्ट’ लिहिलेल्या स्वस्त पट्टीत तीन-तीन एलईडी आणि एक रोधक एवढेच असते. इंजिन चालू असताना किंवा बॅटरी भरत असताना व्होल्टेज १४.४ पर्यंत जाते. ही वाढ वीसच टक्क्यांची असली तरी एलईडीतला प्रवाह दीडपटीहून अधिक वाढतो आणि पट्टी तापून मरते. ज्यावर १० ते ३० व्होल्ट असा पल्ला लिहिलेला आहे आणि आत प्रवाह स्थिर ठेवणारे सर्किट आहे, असेच दिवे घ्यावेत.

कीटकांना निळा आणि अतिनील प्रकाश अधिक खेचतो. म्हणून ६५०० केल्विनचा पांढरा दिवा काढून २७०० केल्विनचा पिवळसर दिवा लावावा, दाराबाहेरचा दिवा अंबर रंगाचा आणि खाली झुकलेला ठेवावा. किडे पूर्ण थांबणार नाहीत, पण फरक स्पष्ट जाणवेल.

मे महिन्याच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत भंडारदरा, घाटघर, पुरुषवाडी किंवा राजमाची इथे जाणार असाल, तर एक आग्रहाची विनंती आहे. काजवे जोडीदार शोधतात ते एकमेकांच्या लुकलुकण्यावरून, आणि आपल्या दिव्यांच्या झोतात ती खूण हरवते. तिथे बाहेरचे दिवे बंद ठेवावेत, खिडक्यांना जाड पडदे लावावेत, हेडलाइट लावून गाडी हलवू नये आणि अगदीच गरज पडली तर मंद लाल दिवा वापरावा.

प्रश्न : पावसाळ्यात गाडी तीन-चार महिने सोसायटीत उभी असते. बॅटरी कशी ठेवावी?
— एक वाचक, खारघर, नवी मुंबई

उत्तर : लेड-ॲसिड असेल तर पूर्ण भरून ठेवावी आणि महिन्याला एकदा चार्ज करावी, कारण उतरलेल्या अवस्थेत तिच्या पट्ट्यांवर सल्फेट साचून घट्ट होते. लिथियमचे उलट आहे. ती साधारण अर्धी भरलेली ठेवून मुख्य स्विचने सगळ्या जोडण्या तोडाव्यात. खाडीच्या खाऱ्या दमट हवेत टोके गंजतात, तेव्हा ती साफ करून त्यांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. बॅटरी बदलणार असाल तर जुनी भंगारवाल्याला न देता विक्रेत्याकडेच परत करावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार तिची विल्हेवाट ही उत्पादकाची जबाबदारी आहे, आणि तिच्यातले शिसे व आम्ल उघड्यावर फोडणाऱ्यांच्या हातांत जाऊ नये.