थांबता येणं म्हणजे निम्मी लेझीम

चि.,
सप्रेम आशीर्वाद.

गल्लीतल्या पोरींचं पथक यंदा शिवजयंतीला उतरणार आणि त्याआधी लेझीमचे सगळे हात, म्हणजे खेळायचे प्रकार, शिकायचे, असं लिहिलंस. हात चारच शीक, पण जागेवर उभं राहून खेळायला शीक. आपल्या बेळगावात जयंती वैशाख शुद्ध द्वितीयेची आणि चित्ररथांची मिरवणूक त्यानंतर, रात्रीची. नरगुंदकर भावे चौकातून रथ सुटतात, पण मारुती गल्लीत पोचेस्तोवर पुढचा रथ थांबलेला असतो. त्यावरच्या पोरांना सजीव देखावा पुरा दाखवायचा असतो ना! तेवढा वेळ तुमचा ताल तुटता कामा नये.

म्हणून आठ मात्रांचा एकच पाय पक्का कर: चार पावलं पुढे, चार जागेवर. रथ थांबला की आठही जागेवर. पहिले दोन दिवस लेझीम हातात घेऊच नका, टाळ्यांवर पाय बसवा. पुढे चार दिवस तोंडानं मोजत खेळा, हलगी त्यानंतर.

लेझीम हलकी घे, दांडा दीड फुटाच्या आसपास. एका हातात दांडा, दुसऱ्या हातात साखळीची मूठ. ओढ मनगटातून हवी. खांद्यातून ओढणारीचा हात तासाभरात गळतो आणि आवाजही उशिरा येतो. मिटताना बोटं दांड्याच्या आतल्या अंगाला आली की साखळीत चिमटतात. चकत्या वाजेनाशा झाल्या तर साखळीला पीळ पडलाय असं समज. मूठ सोडून लेझीम लोंबती धर, पीळ आपोआप सुटतो. अंगठ्याच्या बेचक्यात पहिल्या आठवड्यात फोड येतातच, सुती पट्टी गुंडाळ.

गल्लीत चारच्या वर रांग नको. उघडलेल्या लेझीमा एकमेकींना लागू नयेत एवढं अंतर बाजूला, मागे-पुढे तीन पावलं. कोपऱ्यावर वळताना आतली जागेवर खेळते आणि बाहेरची लांब पाऊल टाकते. इथंच बहुतेक पथकं विस्कटतात, कारण सराव मैदानात सरळ रेषेत झालेला असतो. सरावाला एखादा खराखुरा कोपरा शोधा.

हलगीवाल्याला गर्दीनं शिट्ट्या मारल्या की तो लय चढवतो. बिचाऱ्याचा दोष नाही, पण पहिल्या रांगेनं त्याच्यामागे धावायचं नाही. शिट्टी वाजवून पथक चालवणारीचा हात वर असेपर्यंत लय तीच. शेजारच्या रथावर मोठे स्पीकर असले तर हलगी, घुमकं, कैताळ काहीच ऐकू येत नाही, तेव्हा कान सोडून त्या हाताकडेच बघायचं. एक लांब शिट्टी म्हणजे आठ पुरे करून हात बदल, दोन आखूड म्हणजे थांब, असं आधीच ठरवून घ्या. आणि पोलीस कानडीत "मुंद होग्री", म्हणजे पुढे चला, म्हणाले की वाद घालत बसू नका, चार पावलांचा पाय धरा.

वैशाखात वळीव येतोच. हलगीचं कातडं ओलसर झालं की आवाज बसतो. ती जाळावर शेकावी लागते, म्हणून सुकं गवत आणि जुनी वर्तमानपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत बरोबर असू देत. पायात नवी चप्पल नको, जुने घट्ट बूट बरे. जेवण निघायच्या दोन तास आधी, तेही अर्धपोटी. वाटेत सरबतं भरपूर मिळतात, घोट-घोट घे.

घरी आल्यावर कितीही झोप येवो, साखळी कोरड्या फडक्यानं पूस आणि तेलाचा हात फिरव. रात्रभराचा घाम तसाच राहिला तर चकत्या गंजून धरतात, आणि गणपतीच्या वेळी नवी लेझीम मागायला तू मंडळाच्या दारात उभी राहशील.

तुझा,
काका